मगरीची काडी

मद्रास क्रोकोडाइल बँकेतील मगरी, लगतच्या झाडांवर बगळे घरटी बांधू लागले की, तुंडावर काटक्या तोलून तासन्‌तास निश्चल पडून राहतात आणि काडी उचलावयास आलेल्या पक्ष्यावर झडप घालतात, असे व्लादिमीर दिनेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली नोंदविले, तेव्हा सरीसृपांच्या बुद्धिमत्तेविषयी विद्वज्जनांना मोठा विस्मय वाटला. वृत्तपत्रांतील गुन्हेवृत्ताशी ज्यांचा नित्य परिचय आहे, त्यांना तो वाटण्याचे काही प्रयोजन नव्हते. दागिने उजळून देण्याच्या मिषाने भरदुपारी दारी येणारा सभ्य इसम निराळे काय करतो? सरकार मात्र (त्याची तुलना जलचरांशी करण्याचा आमचा बिलकूल इरादा नाही) आमिष दाखवीत नाही, रीतसर कायदा दाखविते: सोने घेताना ३ टक्के वस्तू व सेवा कर, आणि २४ महिन्यांहून अधिक काळ जिवापाड सांभाळून ते विकलेच, तर नफ्यावर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाची सवलत २३ जुलै २०२४ पासून बरखास्त. भामट्याच्या व्यवहारात टक्केवारीचा असला जाच नसतो, तो सगळाच ऐवज नेतो. पंचनाम्यात त्याची नोंद ‘अज्ञात इसम’ अशी होते; करदात्याचा पॅन क्रमांक मात्र सरकारदप्तरी असतो.