पावतीनाना

नानांच्या घरी दाराआडच्या खिळ्याला एक तार लटकते. खाली लाकडाची चकती, वर आकडा आणि मधे खुपसलेली बिलं. लाइटबिल, दूधबिल, कुठल्याशा सदऱ्याची शिलाई. तार वडिलांची. वडील गेले, तार राहिली आणि तिचा स्वभाव नानांच्या अंगात उतरला. फरक इतकाच, की नाना पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंड सांभाळतात. त्यामुळे त्यांची तार पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये आहे.

असा एक नाना प्रत्येक टीममध्ये असतो. एटीएमने ‘स्लिप हवी का?’ असं विचारलं, की जगातली बाकी माणसं ‘नको’ दाबतात, हा ‘हो’ दाबतो. फास्टॅग आला तेव्हा टोलच्या रांगा संपणार म्हणून सगळे खूश झाले. नाना मात्र हळहळले. ती गुलाबी चिठ्ठी गेली म्हणून.

आमचं काम साधं आहे. कॉलेजात कुणी फी भरली, की पावतीची पीडीएफ बनवायची आणि पालकांना ईमेल करायची. पण पीडीएफ होईपर्यंत माणसाला पडद्यापुढे ताटकळत ठेवायचं नसतं. म्हणून हे काम रांगेत टाकायचं आणि मागच्या मागे सावकाश उरकायचं. नव्या मुलामुलींना नाना हे गिरणीवर समजावतात.

‘‘तू दळण घेऊन गेलीस. डबा रांगेत ठेवलास, वर चिठ्ठी, ‘गहू, बारीक’, आणि घरी आलीस. डब्यांची फळी म्हणजे रेडिस. गिरणीवाला म्हणजे वर्कर. एक गिरणीवाला आजारी पडला तर दुसऱ्या मशीनवरचा दळतो. आणि हा सगळा कारभार बघते ती सेलरी.’’

‘‘सर, आम्ही पीठ ॲपवरून मागवतो,’’ एक नवी मुलगी म्हणाली.

सेलरी हे सॉफ्टवेअर 2009 सालचं. नाव भाजीचं, म्हणजे आपल्याकडच्या अजमोद्याचं. पण नानांच्या मातोश्रींना हे कोण सांगणार? ‘‘सेलरी अडकलीय, रात्रीपासून एकही सुटली नाही,’’ असं त्यांनी एकदा नानांना फोनवर बोलताना ऐकलं. तेव्हापासून शेजारच्या काकू वाटी भरून काही ना काही आणून देतात आणि हळू आवाजात विचारतात, ‘‘आता जरा बरं आहे ना कंपनीचं?’’

रेडिसची एक खोड आहे. नेलेल्या डब्याची पोच तासाभरात आली नाही, तर गिरणीवाला गचकला असं समजून तो तोच डबा दुसऱ्याला देतो. आता ‘दोन तासांनी दळा’ अशी चिठ्ठी असेल, तर पहिला बिचारा डबा मांडीवर घेऊन दोन तास व्हायची वाट बघत बसलेला असतो. मग दोघंही दळतात. आम्ही दोन तासांनी पाठवायच्या म्हणून ठेवलेल्या पावत्या पालकांना अशा दोन-दोनदा गेल्या. मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. नाना म्हणाले, ‘‘असू दे. एक फाइलला.’’

पण नानांचा खरा जीव डब्यांत नाही, निकालात आहे. काम झालं की नाही याची नोंद कुठे ठेवायची, हे सेलरीला सांगावं लागतं. सांगितलं नाही तर ती ठेवतच नाही. आणि सांगितलं तरी एका दिवसाने फेकून देते. हे वाचताना नाना खुर्चीतून उठून उभे राहिले. ‘‘एका दिवसात पावती फेकायची? वाण्याकडची उधारीची चिठ्ठीसुद्धा महिनाभर टिकते!’’

टीममधल्या एका पोराने सुचवलं, की निकालसुद्धा रेडिसमध्येच ठेवू. सगळं मेमरीत राहतं, झटपट होतं, मुदत संपली की आपोआप पुसलं जातं. नानांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो पुढे आठवडाभर घरूनच काम करत होता. ‘‘मेमरीत म्हणजे काय, तर ‘लक्षात आहे माझ्या’ म्हणणारा दुकानदार. त्याच्या लक्षात असतं, पण फक्त आपल्याकडचं येणं.’’

मग नानांनी स्वतःच्या हाताने कॉन्फिगरेशनमध्ये ओळ लिहिली. आधी ‘डीबी’, मग अधिकचं चिन्ह, मग पोस्टग्रेसचा पत्ता. ते अधिकचं चिन्ह त्यांनी असं टाइप केलं, जणू दारावर स्वस्तिक काढताहेत. मुदतीच्या जागी शून्य, म्हणजे कधीच फेकायचं नाही. पहिला निकाल येताच ‘सेलरी टास्कमेटा’ नावाचं टेबल आपलं आपण तयार झालं. नानांनी टीमला पेढे वाटले. दुकानाचं बिल मागून घेतलं होतंच.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले आणि टेबलाने बाळसं धरलं. दर पावतीमागे एक ओळ. आठवणीचा ईमेल, त्याची एक ओळ. शिवाय प्रत्येक वर्कर आपापलं कनेक्शन धरून बसलेला. पोस्टग्रेस मूळ सेटिंगवर शंभरच कनेक्शनं देतं, आणि आम्ही ते सेटिंग कधी उघडून पाहिलं नव्हतं. एका दुपारी त्याने कळवलं, ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. जागा नाही हे सांगताना सॉरी म्हणणारं पुण्यात एवढं एकच दार मला ठाऊक आहे.

‘‘नाना, निकाल ठेवूच नका, असंही एक सेटिंग आहे म्हणे,’’ मी म्हणालो.

‘‘आहे ना. घराला दार न ठेवण्याचंही सेटिंग असतं.’’

आणि मग नाना ज्या दिवसाची वाट बघत होते तो दिवस उगवला. जळगावहून एका पालकांची तक्रार आली. फी भरली, पावती आलीच नाही. मॅनेजर धावत आला. नाना शांतपणे उठले, चष्मा पुसला, बाटलीतलं पाणी प्यायले. सदऱ्याच्या शिलाईचं बिल मागायला शिंपी दारात आल्यावर वडील तारेकडे असेच चालत गेले असतील.

टेबल उघडलं. लाखो ओळी. प्रत्येक ओळीत छत्तीस अक्षरांचा एक अगम्य क्रमांक, पुढे ‘सक्सेस’ आणि वेळ. कुठलं काम? लिहिलेलं नाही. कुणाची पावती? तेही नाही. निकालाचा रकाना असा बांधून ठेवलेला, की नुसत्या डोळ्यांना वाचता येईना. नानांनी तो सोडवला. आत काहीच नव्हतं, कारण आमच्या कोडने काही परत दिलंच नव्हतं. वेळसुद्धा भारतातली नव्हे. सेलरीचं घड्याळ ग्रीनिचचं, साडेपाच तास मागे. म्हणजे तारेला लाखो चिठ्ठ्या आणि प्रत्येकीवर एवढंच, की मिळाले. काय मिळाले, कुणाला, ते नाही.

इतकं गप्प बसलेलं मी नानांना कधी पाहिलं नव्हतं. मॅनेजरने पावती पुन्हा पाठवली, एका मिनिटात. तेवढं आम्ही पहिल्यांदाच करू शकलो असतो, पण हे बोलायचं कुणी?

कामाचं नाव आणि तपशीलही लिहायचं सेटिंग निघालं. ते मुळात बंद असतं. नानांनी ते चालू केलं आणि टेबल दुप्पट वेगाने फुगू लागलं. शेवटी मॅनेजरने फर्मान काढलं, नव्वद दिवसांपलीकडचं काही ठेवायचं नाही. सेलरीची साफसफाई रोज पहाटे चारला होते. ‘‘ब्राह्ममुहूर्त,’’ नाना पडलेल्या आवाजात म्हणाले. पण ते चारही ग्रीनिचचे. आपल्याकडचे सकाळचे साडेनऊ. सगळ्या कॉलेजांचे क्लार्क लॉगिन करत होते तेव्हाच पोस्टग्रेस जुन्या पावत्या खोऱ्याने उपसत होतं. अर्धा दिवस सगळं गोगलगाय. बरं, एवढं उपसून डिस्क तेवढीच भरलेली! ओळी पुसल्या तरी पोस्टग्रेस जागा सहसा परत करत नाही, स्वतःच पुन्हा वापरायला ठेवतं. माळा रिकामा केला म्हणून घर लहान होत नाही. या एका बातमीने नानांना बरं वाटलं.

मागच्या महिन्यात नानांच्या भाचीचं लग्न होतं. कार्यालयात शिरलो तर स्टेजच्या पायथ्याशी ही लांब रांग. टोकाला टेबल, टेबलावर आहेराची वही आणि वहीमागे नाना. आहेराच्या वहीत नाव, गाव, रक्कम एवढंच असतं. नानांनी पट्टीने आणखी चार रकाने आखले होते. पलीकडे पंगत उठत होती, जिलेबी संपत आली होती आणि इकडे एक आजोबा आपण नवऱ्या मुलाचे नक्की कोण, हे दुसऱ्यांदा सांगत होते.

माझं पाकीट त्यांनी घेतलं, मोजलं, सगळे रकाने भरले. मग खिशातून छोटं पावतीपुस्तक काढलं, कार्बन सारखा केला आणि एक पान फाडून माझ्या हातात दिलं. क्रमांक, नाव, रुपये पाचशे एक, कारण ‘विवाह’. खाली वेळ, 7.15.

मी घड्याळ पाहिलं. दुपारचा पाऊण वाजला होता.