रवंथ कसा करावा : नवशिक्यांसाठी कृती

रवंथ म्हणजे एकदा गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून निवांत चघळणे. तो गाईच्या पद्धतीने करायचा, तर किमान पात्रता चार कप्प्यांच्या पोटाची : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. वरच्या जबड्यात पुढचे दात असलेला उमेदवार पहिल्याच फेरीत बाद होतो. गाईला तिथे फक्त टणक हिरडी असते. गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावाच्या शिवारात या विद्येचे प्रात्यक्षिक पाहायचे, तर लाल कंधारी गाईचा गोठा गाठावा.

पहिली पायरी गिळण्याची. दावणीत ज्वारीचा कडबा पडताच तो जेमतेम चावून पोटात ढकलावा. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो, तेव्हा जागेची काळजी नको. खिळे आणि तारा मात्र वगळाव्यात. त्या जाळीपोटात रुततात आणि तिथून थेट हृदयाकडे वाट काढू शकतात.

दुसरी पायरी बसण्याची. लिंबाच्या सावलीत अंग टाकून डोळे अर्धवट मिटावेत. मग पोटातून एक गोळा वर आणावा, ४० ते ६० वेळा चघळावा, गिळावा आणि पुढचा गोळा बोलवावा. हा उद्योग दिवसाकाठी ६ ते ८ तास चालतो. त्यात लाळेची काटकसर करू नये. मोठ्या दुभत्या गाईला रोज शंभर लिटरहून अधिक लाळ सुटते आणि तिच्यातला सोडा पोटातील आम्ल आटोक्यात ठेवतो.

तिसरी पायरी काम दुसऱ्यावर सोपवण्याची. कडब्यातील सेल्युलोज फोडणारे विकर गाईजवळ नसते. ते काम कोटीपोटातले अब्जावधी जिवाणू करतात. त्यांनी आंबवलेल्या चाऱ्यातून जी आम्ले निघतात, त्यांवरच गाईचा बहुतेक खर्च भागतो. सोबत मिथेनही तयार होतो. तो ढेकरेवाटे सोडावा, लाजू नये. उपाशीपोटी कोवळा, ओला लसूणघास भरपूर खाल्ला, तर फेसात वायू अडकून पोटफुगी होते.

चौथी पायरी कृतघ्नपणाची. पडदेपोटात पाणी शोषले गेले, की खऱ्या पोटातील जठररस चाऱ्याबरोबर या जिवाणूंनाही पचवतो. गाईला मिळणारी बरीचशी प्रथिने तिच्या या कामगारांचीच असतात.

आणखी एक पथ्य : पोळ्याला प्रेमापोटी बैलाला पोटभर पुरणपोळ्या चारू नयेत. एकदम आलेल्या पिठा-गुळाने कोटीपोटात आम्ल वाढते, रवंथ थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पशुवैद्याला बोलवावे लागते.

एवढे वाचूनही अपात्र ठरलेल्या माणसाने कणीस खुडून भाकरी थापावी आणि धाट गाईपुढे टाकावे. भाकरीबरोबर लागणारे दूध त्याच धाटाचे होते.