जावईबापूंची बैठक

मारुतीने जिप्सी बाजारात आणली ती १९८५ च्या अखेरीस, आणि तिच्या चारही चाकांवर स्प्रिंगचे पाटे बसवले. पाट्यांचं एक बरं असतं. मोडले तर आडगावचा मिस्त्रीही दुरुस्त करतो, आणि ओझं कितीही घाला, कुरकुरत का होईना पण उचलतात. मात्र आलेला खड्डा स्वतःकडे ठेवून घेण्याची त्यांना सवय नसते. पोच न देता ते तो वरच्या मजल्यावर रवाना करतात. खड्डा आणि मणका यांच्यात बोलणी करायला मग एकटी सीट उरते. आमच्या जिप्सीतल्या सीटने या कामाचा केव्हाच राजीनामा दिला होता.

सीटच्या पोटात पॉलियुरेथेनचा फोम असतो. ऊन, दमट हवा आणि कापडी टपातून झिरपणारं पावसाचं पाणी यांनी वर्षानुवर्षांत त्याचा पिवळा भुगा होतो, आणि तो पँटीला लागून हप्त्याहप्त्याने घरात येतो. त्यात चालक कायम उजवीकडून चढतो-उतरतो, म्हणून उजवी कड सगळ्यात आधी बसते. मी गाडी सरळ चालवत असे, पण स्वतः उजवीकडे कललेला. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांना वाटे, हा गृहस्थ ओव्हरटेकसाठी डोकावतोय. ते घाबरून दिवे मारत.

शेजारच्या सीटची तऱ्हा निराळी. तिच्या रेलचा खटका झिजला होता. ब्रेक दाबला की सीट पुढे, ॲक्सिलरेटर दिला की मागे. तिच्यावर माझा मेहुणा बसे. त्याचं वाक्य पुढच्या काचेपाशी सुरू होई आणि मागच्या बाकाजवळ संपे. क्रियापद नेहमी मागे जाई, त्यामुळे तो नेमकं काय करू म्हणतोय ते मला कधीच कळत नसे.

“दाजी, सीट घ्यायची तर कुर्ल्याला. सीएसटी रोडला विमान सोडून सगळं मिळतं,” हे मात्र त्याने सिग्नलला गाडी उभी असताना सांगितलं, म्हणून पूर्ण ऐकू आलं. सुट्या भागांसाठी आमच्या पुण्यात नाना पेठ आहे. पण मेहुणा मूळचा चेंबूरचा. स्वस्त आणि चांगली वस्तू मुंबईबाहेर मिळू शकते, हे त्या घराण्यात कोणी मानत नाही.

अशा सीटवर बसून एक्सप्रेसवेला जाण्यात अर्थ नव्हता. जुन्या रस्त्याने निघालो. लोणावळ्यापर्यंत मेहुणा साधारण मध्यावर होता. खंडाळ्याचा उतार लागला, ब्रेकवरचा पाय निघेना, आणि तो अख्खा घाट त्याने डॅशबोर्डला छाती टेकवून काढला. निसर्ग त्याने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. वाटेत शिंगरोबाचं देऊळ लागलं. घाटातून वाट कशी काढावी ते इंग्रजांना सुचेना, तेव्हा शिंगरोबा धनगराने ती दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका आहे. वाट दाखवणाऱ्याचं पुढे काय होतं ते आठवून मी हात जोडले आणि मेहुण्याकडे पाहिलं. तोही माझ्याकडेच बघत होता.

कुर्ल्याला फुटपाथवर सीटांचे डोंगर होते. मोडीत गेलेल्या नाना जातींच्या गाड्यांमधून निघालेल्या, काहींवर अजून आधीच्या मालकाचा टॉवेल. मी शिवण बघू लागलो, तसा दुकानदार म्हणाला, “सेठ, सीट आँख से नहीं लेते. बैठ के देखो.” त्याने दोन सीट रस्त्याकडे तोंड करून मांडल्या. आम्ही शेजारी शेजारी बसलो. पाय कुठवर पोचतात ते बघायला मी हवेत स्टिअरिंग धरलं आणि क्लच दाबला. मेहुण्याने सवयीने पुढे हँडल धरलं. एक रिक्षावाला थांबला आणि कलिन्याचा रस्ता विचारून गेला. त्याला यात काही वावगं वाटलं नाही.

सीट पसंत पडल्या. गाडीला मात्र त्या पसंत नव्हत्या. जुने बोल्ट गंजून जमिनीशी एकजीव झालेले. डिझेल पाजलं, हातोडी दाखवली, शेवटी कापले. नव्या रेलमधलं अंतर जुन्या भोकांशी जुळेना. पोऱ्या म्हणाला, “डायरेक्ट वेल्डिंग मारतो.” म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला बाजूला केलं. जोराचा ब्रेक लागला की माणसाचं वजन सीटला पुढे ओढतं आणि मागचे बोल्ट वर खेचले जातात. नुसता पत्रा तिथे फाटतो. म्हणून त्याने रेलखाली ब्रॅकेट जोडले, पत्र्याखालून जाड लोखंडी पट्ट्या घातल्या आणि बोल्ट त्यांच्यात कसले. सीटबेल्टचे मूळचे बोल्ट मात्र त्याने कुणाला शिवूही दिले नाहीत.

मी ऐटीत चढून बसलो. डोकं टपाच्या पाइपला लागलं आणि मांड्या स्टिअरिंगखाली अडकल्या. परक्या गाडीची सीट, वर ब्रॅकेटची उंची. मिस्त्रीने मला वरपासून खालपर्यंत निरखलं. “गाडी तो ऊँची नहीं होगी. आप कम हो सकते हो?” मेहुणा हसला. ब्रॅकेट कापून पुन्हा बसवावे लागले, तेव्हा कुठे मी माझ्याच गाडीत मावलो.

आणि मग तो आराम! पाठीला आधार, कंबर सरळ, मेहुणा एका जागी. पण पाच-सात मिनिटांतच दाराची खडखड ऐकू येऊ लागली. मग गिअरच्या दांड्याची थरथर, मग मागच्या फाळक्याचा टाळ. इतकी वर्षं पाठीच्या आरडाओरड्यापुढे या बिचाऱ्यांना बोलायची संधीच मिळाली नव्हती. जुन्या गाडीतला त्रास निवृत्त होत नाही, नुसती बदली घेतो.

त्याची पुढची नेमणूक कुठे झाली ते चेंबूरला कळलं. सासूबाई आजवर जिप्सीला लांबूनच नमस्कार करत. पुण्याला यायचं तर ट्रेनने. मेहुण्याने हौसेने सीट दाखवल्या. त्यांनी हाताने दाबून पाहिलं, बसून पाहिलं, टेकून पाहिलं आणि बॅग भरायला आत गेल्या. निघताना अट एकच होती: घाटात गाडी त्यांचा मुलगा चालवणार, कारण जावईबापू फार कलून चालवतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

त्यामुळे खंडाळ्याचा चढ मी मागच्या आडव्या बाकावर, मूळच्या फोमवर, बॅग मांडीवर घेऊन चढलो. पुढून सासूबाईंचा समाधानी आवाज आला, “जावईबापू, उगाच नावं ठेवत होते हो सगळे. गाडीत काही म्हणता काही हादरे बसत नाहीत!”