ड्रॉपवर अध्यक्ष

व्हिडिओ एडिट करणारी मुलं गाणं ऐकत नाहीत, त्याची चिरफाड करतात. माझी पुतणी हेडफोन लावून बसली की एका गाण्यातले तेच बारा-पंधरा सेकंद तिला संध्याकाळभर पुरतात. घरातल्या बाकीच्यांना ऐकू येते ती फक्त एका कळीची टकटक. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये गाणं चालू ठेवून नंबरपॅडवरची चांदणीची कळ दाबली की त्या जागी खूण पडते. हा मार्कर. ठोका आला की मार्कर, आणि मार्कर आला की पडद्यावर काहीतरी घडलंच पाहिजे: दृश्य बदलेल, कॅमेरा हादरेल, नाहीतर पांढरा फ्लॅश डोळ्यांत जाईल.

मोबाईलवर अलाइट मोशन वापरणारे एवढेही कष्ट घेत नाहीत. ‘बीट मार्क’ केलेलं गाणं आयतं मिळतं, ‘शेक इफेक्ट’ आयता मिळतो, आपण फक्त फोटो घालायचे. गावोगावचे भाऊ आपापल्या वाढदिवसाला एकाच ठोक्यावर एकाच पद्धतीने थरथरतात, त्याचं रहस्य हेच.

तरी या खुणा टाकण्याला पोरखेळ म्हणायची सोय नाही. १९२८ साली डिस्नेच्या ‘स्टीमबोट विली’ या मिकी माऊसच्या कार्टूनसाठी वाद्यवृंद बसवला, तेव्हा चित्र आणि संगीत जुळेना आणि पहिलं रेकॉर्डिंग फुकट गेलं. मग फिल्मवरच टुणटुण उडणारा एक चेंडू दाखवला आणि वाद्यवृंदाच्या संचालकाने त्याच्याकडे बघत हात हलवले. म्हणजे बीट मार्क मिकी माऊसइतकाच जुना. खुद्द आफ्टर इफेक्ट्स १९९३ सालचं, माझ्या पुतणीपेक्षा बरंच मोठं. तरी ती त्याला अरे-तुरेच करते, विशेषतः ते मधेच बंद पडतं तेव्हा.

यातलं गणित मात्र भलतंच चावट आहे. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं आणि सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर ठोक्याला बरोबर १५ फ्रेम येतात, सगळं सुखात. पण नाचायची गाणी पुष्कळदा १२८ ची असतात. तिथे ठोक्याला १४ फ्रेम पडतात आणि वर एका फ्रेमचा सोळावा हिस्सा उरतो. तो सोडून दिला तर सोळा ठोक्यांनी चित्र गाण्याच्या एक फ्रेम पुढे निघतं आणि मिनिटभरात आठ. आठ फ्रेम म्हणजे पाव सेकंदाहून जास्त. तेवढ्यात नाचणारा बेताल ठरतो, आणि त्याला बिचाऱ्याला काही कल्पनाही नसते.

हे झालं यंत्रावरच्या गाण्याचं. आमच्याकडे काम आलं होतं एका मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीतल्या ढोल-ताशाचं, आणि ताशा कुठल्याही गणिताला जुमानत नाही. ताशा चढला की ढोल चढतात, गर्दी चढते, आणि पाच मिनिटांनी सुरुवातीची लय आणि आताची लय एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत. तिथे प्रत्येक खूण हातानेच टाकावी लागते. त्यात माणसाचं बोट ठोक्याबरोबर पडायला गेलं की सहसा किंचित आधीच पडतं, त्यामुळे सगळ्या खुणा पुन्हा एकेक करून सरकवायच्या.

एक क्लिप तर स्वतःशीच जुळेना. टिपरू ढोलावर पडलेलं स्पष्ट दिसत होतं आणि आवाज मागाहून येत होता. मी फोनला दोष देऊन मोकळा झालो. पुतणीने विचारलं, “काका, घेतलीय कुठून?” घेतली होती चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून, झूम करून. तिथवरचं शंभर मीटर अंतर यायला आवाजाला साधारण ०.३ सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ नऊ फ्रेम. तिने आवाज तेवढा आधी सरकवला आणि ढोल ताळ्यावर आला. एरवी चित्र आवाजाच्या किंचित आधी आलेलं आपण खपवून घेतो. जन्मभर लांबून धुणं आपटताना बघितलेलं असतं. आवाज आधी आला की मात्र लगेच खटकतं. म्हणून ही मंडळी दृश्यसुद्धा ठोक्याच्या एखाद-दुसऱ्या फ्रेम आधीच कापतात.

पण तिचा खरा जीव अडकलेला असतो दोन खुणांच्या मधे. फोटो इथून निघेल, तिथे पोचेल, एवढं कीफ्रेम टाकून सांगितलं की मधला प्रवास सॉफ्टवेअर भरून काढतं, पण सरकारी इमानाने: पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत एकच वेग, आणि शेवटी थाडकन थांबा. लोकल अशी कधी सुटत नाही आणि फलाटाला अशी कधी लागतही नाही. मग ग्राफ उघडायचा आणि वेगाची रेष वाकवायची. डिस्नेचे जुने चित्रकार हेच काम पेन्सिलीने करत: दोन्ही टोकांना चित्रं दाट, मधे विरळ. पुतणी ती रेष केसभर उचलते, बघते, केसभर खाली आणते, पुन्हा बघते. मला फरक दिसत नाही, पण तसं बोलायची सोय नाही. एकदा मी म्हणालो, खूण ठोक्यावर आहे ना, मग झालं की. “ठोक्यावर पोचायचं असेल तर आधी निघायला नको का?” ती म्हणाली. मिरवणुकीचे सगळे नियोजनकर्ते तिच्यासमोर बसवावेत असं मला वाटून गेलं.

स्लो मोशनचीही अशीच गंमत. फोनने सेकंदाला ३० फ्रेम घेतलेल्या असतात. वेग चौथाईवर आणला की मधल्या फ्रेम आणायच्या कुठून? ट्विक्स्टरसारखा प्लगइन शेजारच्या फ्रेम बघून त्या कल्पनेने रचतो. संथ हालचाल असेल तर छान रचतो. टिपरू मात्र इतकं जोरात फिरतं की प्लगइनची कल्पनाशक्ती संपते आणि टिपरू वादकाच्या मनगटात विरघळतं. तिने तो शॉट काढून टाकला आणि दोन दिवस हळहळली.

सगळं जमल्यावर मंडळाचे दोघे कार्यकर्ते बघायला आले. सगळे ढोल एकदम थांबतात, श्वासभर शांतता आणि मग एका फटक्यात सगळे कोसळतात, त्या ड्रॉपवर तिने ध्वज गरगर फिरवणारी मुलगी ठेवली होती. दोघांनी पाहिलं, मान डोलावली.

“ताई, एक नंबर. फक्त तिथं अध्यक्ष पाहिजेत.”

वाटाघाटी चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत चालल्या. ध्वज ड्रॉपवर राहिला, अध्यक्षांना त्याच्या लगेच पुढचे आठ ठोके मिळाले. कार्यकर्ते दारातून परत आले.

“आणि ते शेक काढा. साहेबांना बीपी आहे.”

शेक काढला. अध्यक्ष नारळ घेऊन आरतीला येताहेत एवढीच क्लिप उपलब्ध होती. ती संथ करून आठ ठोके भरायचे, म्हणून पुतणीने ट्विक्स्टर उघडला, क्लिप एकदा चालवून पाहिली आणि ट्विक्स्टर बंद केला. साहेब मुळातच तेवढ्या वेगाने चालत होते.