पंखा एक, जमीन एक

भारतीय कुटुंबाची ऐपत ठरवण्यासाठी बाजार-संशोधनाच्या धंद्याने २०११ मध्ये जी पद्धत स्वीकारली, तिच्यात मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि ११ वस्तूंच्या यादीतील किती वस्तू घरात आहेत, एवढेच विचारले जाते आणि त्यावरून ए-१ ते ई-३ अशा १२ श्रेणींपैकी एक श्रेणी कुटुंबाला बहाल होते. १९८८ च्या जुन्या पद्धतीत शहरी कमावता माणूस करतो काय, हे तरी विचारत. पुढे तीही भोचक चौकशी ठरली.

वीजजोडणी, छताचा पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार आणि एसी यांच्या पंगतीत अकराव्या पाटावर शेतजमीन बसवलेली आहे आणि प्रत्येकीचे मोल सारखेच, म्हणजे एक. जमीन किती, जिरायती की बागायती, सातबाऱ्यावर बोजा कोणाचा, असल्या क्षुल्लक बाबींत ही पद्धत शिरत नाही. माणदेशातले दोन एकर मुरमाड रान एक, पंचगंगेकाठचा वीस एकर ऊस एक आणि भारनियमनात निपचित लोंबणारा पंखाही एकच. या गणिताचा सर्वांत गुणी विद्यार्थी म्हणजे गुंठामंत्री, अर्थात शहर अंगावर येताच वडिलोपार्जित रान गुंठ्यागुंठ्याने विकून रातोरात गबर झालेला गृहस्थ. जमीन गेली की त्याचा एक गुण वजा होतो, पण मोटार, एसी आणि वॉशिंग मशीन आल्याने तीन जमा होतात, आणि उद्या हप्ते थकून मोटार ओढून नेली, तरी रान विकण्यापूर्वीपेक्षा तो एका गुणाने वरच राहतो. हप्त्यांना, सावकाराला, पतपेढीच्या नोटिशीला यादीत रकानाच नाही, आणि तरीही ग्रामीण अस्वस्थतेवर बोलणारे विद्वान हेच तक्ते उघडून खेडे कसे वर सरकले ते ऐकवतात.

त्यापेक्षा वधुपित्याची प्रश्नावली शास्त्रशुद्ध म्हणावी लागेल, कारण तो जमीन किती, पाणी बारमाही आहे का, कर्ज किती, वाटणीला भाऊ किती, हे सारे विचारतो आणि वर नोकरीही मागतो. मात्र लग्नानंतर त्याच्या पदवीधर लेकीची नोंद घेण्याची वेळ या पद्धतीवर आली की निर्लज्जपणाची परिसीमा होते. पहाटे धार काढून दिवसभर खुरपणाऱ्या त्या बाईला मजुरी कोणी देत नाही, म्हणून मुख्य कमावता नवराच ठरतो, शिक्षणाच्या रकान्यात त्याची नापास दहावी चढते आणि तिच्या बी.ए.ला अर्धा गुणही मिळत नाही. सर्वेक्षकाला सगळी उत्तरे तीच देते, गॅसच्या शेगडीपुढे उभी राहून, आणि नोंद होते ती शेगडीची.