आत्ता नको, रात्री बघू

घरच्या कॉम्प्युटरवर सिक्युरिटी अपडेट टाकायचं की नाही, हा निर्णय घाईगर्दीत घेण्याचा नव्हे. स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट उगवते, 'रिस्टार्ट नाऊ' म्हणून विचारते आणि काही उतावळी माणसं ते बटण दाबून मोकळी होतात. त्यांच्यासाठी हे लिखाण नाही. दिवाळीपासून ती चौकट बाजूला सारण्यात ज्यांचा हात बसला आहे, अशा विचारी गृहस्थांना शास्त्रशुद्ध मार्गदर्शन मिळावं, एवढाच हेतू.

आधी यंत्राची पाहणी करावी. आमचं यंत्र हॉलमध्ये टीव्हीशेजारी असतं. मॉनिटरवर भरतकाम केलेला रुमाल, सीपीयूच्या कपाळी दसऱ्याचं हळदकुंकू. थोडी हळद जाळीतून आतही गेली असावी, कारण पंखा जोरात फिरू लागला की हॉलमध्ये फोडणीचा भास होतो. यंत्राच्या रक्षणाची धार्मिक बाजू अशी दसऱ्यालाच पार पडलेली आहे. उरली तांत्रिक.

तिला मुहूर्त लागतो. विंडोजची अपडेटं येतात महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, 2003 सालापासूनची ही वहिवाट. तिकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, थंडीत साडेअकरा. म्हणजे मंगळवार गेला, अंथरुणं पडली. बुधवारी टाकावं, तर काम लांबलं की गुरुवार उजाडतो, आणि गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी दहाला लाईट जाते. यूपीएस आठ मिनिटं तग धरतो, त्यातली पाच नुसता कोकलतो. शुक्रवारी काही बिघडलं तर दुरुस्तीवाला 'सोमवारी बघतो' म्हणणार. शनिवारी पाहुणे. रविवारी दुकानं बंद. सोमवारी आठवड्याची सुरुवातच अपडेटने करायची म्हणजे अपशकुन. असं करत दुसरा मंगळवार पुन्हा जवळ येतो, आणि मग सुज्ञ माणूस म्हणतो, आता नवीन येतंयच, दोन्ही एकदमच करू.

मुहूर्त टळल्यावर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. आमचा भाचा हिंजवडीला असतो. त्याला फोन केला, तर म्हणाला, "मामा, विचारतोस काय, करून टाक." तज्ज्ञ इतक्या पटकन उत्तर देऊ लागला की माझा विश्वास उडतो. मी कारण विचारलं. त्याने सांगितलेलं कारण मात्र माझ्या चांगलंच डोक्यात बसलं, आणि ते या मार्गदर्शनाला बाधक असलं तरी सांगणं भाग आहे.

अपडेट जाहीर झालं की चोरांनाही ते मिळतं. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून ते बघतात, नेमकं काय बदललं? जिथे बदललं, तिथे भोक होतं. वाड्याच्या मागच्या दाराची कडी बदलल्याची दवंडीच पिटावी, तसं हे आहे: ज्यांनी अजून बदलली नसेल, त्यांच्याकडे कुठून शिरायचं ते गावाला कळलं. म्हणून मंगळवारनंतरच्या दिवसाला त्या धंद्यात एक्स्प्लॉइट वेन्सडे म्हणतात. आपण 'रात्री बघू' म्हणतो तेव्हा चोरही रात्रीच बघत असतो.

याचा दाखला 2017 सालचा आहे. विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याच्या जुन्या सोयीत एक भोक होतं. ते बुजवणारं अपडेट 14 मार्चला आलं. वॉनाक्राय नावाचा किडा 12 मेला सुटला. मध्ये 59 दिवस होते. या 59 दिवसांत जगभरच्या ऑफिसांतून किती जणांनी 'रात्री बघू' म्हटलं असेल! किडा एका यंत्रातून दुसऱ्यात आपणहून सरकत होता, कोणी काही उघडायची गरज नव्हती. फाइलींना कुलूप घालून तो तीनशे डॉलर मागायचा, तेही बिटकॉइनमध्ये. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत रुग्णांना दारातून परत पाठवायची वेळ आली.

हा झाला पूर्वपक्ष. खचून जाऊ नये, उत्तरपक्षही तगडा आहे. त्याच वर्षी 27 जूनला नॉटपेट्या आला, आणि तो आला कशातून? युक्रेनमधल्या करांच्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! म्हणजे ज्यांनी शहाण्यासारखं अपडेट टाकलं, त्यांच्याच घरात आधी शिरला. तिथून पसरत पसरत त्याने आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही रोखलं. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज 10 च्या मोठ्या अपडेटने काही लोकांची डॉक्युमेंट्सच पुसून टाकली, आणि कंपनीला ते मागे घ्यावं लागलं. आणि 19 जुलै 2024 चा तो शुक्रवार! क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्याच सॉफ्टवेअरच्या चुकलेल्या अपडेटने सुमारे 85 लाख यंत्रं निळी पडली, आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले गेले. त्यातल्या काहींचं अक्षर मात्र सुरेख होतं.

(खासगीत सांगायचं तर हा उत्तरपक्ष थोडा लंगडा आहे. घरच्या यंत्राला क्राउडस्ट्राइक नसतं. आणि फाइली पुसणारं ते दरमहाचं सुरक्षेचं अपडेट नव्हतं, नवी नक्षी घेऊन येणारं मोठं होतं. मोठं दोन महिने लटकवलं तरी चालतं. छोटं लटकवायचंच असेल तर दोन-तीन दिवस, आणि तेवढ्यात फोटो पेनड्राइव्हवर काढून घ्यावेत. पण हे इतकं सरळ सांगितलं तर मार्गदर्शनाची गरजच उरणार नाही.)

आता शेजाऱ्यांचा मुद्दा. शेजारी म्हणतात, "अँटीव्हायरस आहे ना? क्विक हील, पुण्याचाच, मग अपडेट कशाला?" पुण्याचं म्हटल्यावर वाद घालणं मलाही जड जातं. पण वॉचमन ठेवला म्हणून मोडकी कडी कोणी तशीच ठेवत नाही. आणि आमच्या सोसायटीचा वॉचमन ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको.

मेहुण्यांची तर तऱ्हाच वेगळी. त्यांच्याकडे विंडोज 10. दहा वर्षं त्या चौकटीला शिव्या घातल्या. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, पुढच्या वर्षभराच्या मुदतवाढीसाठी नाव नोंदवायचं होतं, ते त्यांनी नोंदवलं नाही. आता चौकट येत नाही, तर बेचैन आहेत. रोज सकाळी आरोळी ठोकणारा भाजीवाला कायमचा गावी गेल्यासारखं वाटतं म्हणतात.

इतका सगळा विचार करून मी निर्णय घेतला की निर्णय होईपर्यंत यंत्राने परस्पर काही करू नये. सेटिंगमध्ये 'अॅक्टिव्ह अवर्स' असतात. त्या वेळात ते आपणहून रिस्टार्ट होत नाही. आपण झोपेत असताना त्याने डाव साधू नये, म्हणून मी रात्री दहा ते सकाळी आठ ही वेळ भरली, आणि निश्चिंत झोपलो.

गुरुवारी साडेनऊला हिला विम्याचा हप्ता भरायचा होता. यंत्र चालू करून दिलं आणि चहा टाकायला गेलो. तेवढ्यात ती दारावर आलेल्या दूधवाल्याशी हिशेब करायला उठली. यंत्राने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कोणी नाही. घड्याळ पाहिलं, आठ वाजून गेलेले. कपबशी घेऊन आलो तर निळ्या स्क्रीनवर पांढरे ठिपके गोल फिरत होते. 30 टक्के पूर्ण, कॉम्प्युटर बंद करू नका. दहाला दोन मिनिटं कमी होती. मी ठिपक्यांकडे पाहत उभा राहिलो. 34 टक्क्यांना डोक्यावरचा पंखा थांबला आणि टेबलाखाली यूपीएस कोकलू लागला.

ही आतून म्हणाली, "अहो, हात लावलात ना शेवटी त्याला?"