उंदीर, दिवा आणि सव्वाआठ डॉलर

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
पोळ्याच्या आधीचा रविवार

ती. आई-बाबूजी,

पार्सल पोचलं. कुरडयांचा चुरा झाला आहे, पण चुऱ्याची भाजी करता येते हे तूच शिकवलंस, तेव्हा हळहळू नकोस. मुगवड्या शाबूत आहेत. तिखटाचा डबा बाबूजींच्या बनियनमध्ये गुंडाळला होता. ती पॅकिंगला घातली की चुकून आली, ते कळवा. मी ती धुतलेली नाही. कपाटात ठेवली आहे, राहू द्या थोडे दिवस.

आता आधी बंड्याला बोलावून दोन शिव्या घाला. ‘इंजिनचा दिवा लागलाय, नॉक सेन्सर गेला म्हणतात’ एवढंच मी त्याला कळवलं होतं. सावरगावच्या चौकातून तुमच्या ओसरीवर येईपर्यंत त्याचं ‘ताईच्या गाडीत स्फोट’ झालं, आणि आमच्या रात्री दोनला आईचा फोन: “काऊन वं, पोट्टे गाडीत नव्हते ना?” पोट्टे झोपले होते, आई. तुझा फोन येईपर्यंत आम्हीही झोपलो होतो.

तर स्फोट नाही. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की मिश्रण शिस्तीत जळत जायला हवं. कधी उष्णता आणि दाब इतका वाढतो की ज्वाळा पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपलं आपण पेटतं, आणि इंजिन टणटण वाजतं. फार चाललं तर पिस्टन खराब होतो. ते ऐकायला इंजिनाच्या ब्लॉकवर एक सेन्सर बोल्टने आवळलेला असतो. त्यात गॅसच्या लायटरमध्ये असतो तसल्या जातीचा स्फटिक असतो. हादरा बसला की तो थोडी वीज काढतो, आणि गाडीतला कॉम्प्युटर ठिणगी जराशी उशिरा पाडतो. म्हणजे आपली आजीच म्हण. माजघरात डोळे मिटून पडलेली, पण दुधाच्या पातेल्यावरचं झाकण सरकलं की आतून, “कोन हाय रे तिकडं?”

सेन्सरकडून काहीच ऐकू येईनासं झालं की कॉम्प्युटर घाबरून ठिणगी कायमच उशिरा पाडत राहतो. गाडी चालते, पण जीव नसल्यासारखी. आल्टामोंटच्या चढावर आम्हाला गवत भरलेल्या ट्रकने मागे टाकलं. जावईबापूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

बाबूजी, तुमचा स्वस्त पेट्रोलचा संशय मात्र खोटा. इथल्या पंपावर ८७, ८९ आणि ९१ असे आकडे असतात, ते बंड्याने व्हिडिओ कॉलवर पाहिले आणि ‘अमेरिकेत आपल्यापेक्षा हलकं पेट्रोल’ अशी दवंडी पिटली. अरे, मोजायची रीत वेगळी आहे. आपल्याकडे एकाच पद्धतीने मोजलेला आकडा लिहितात, इथे दोन पद्धतींची सरासरी. इथलं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१. त्याला सांगा, दवंडी परत घे.

कुकर झाला. थांबा.

आले. खरी कटकट दिव्याची नाही, नियमाची आहे. आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीची इथे दर दोन वर्षांनी धुराची चाचणी लागते, त्याशिवाय नोंदणीचा स्टिकर मिळत नाही. फी भरा, पैसे घेतात, स्टिकर देत नाहीत. बरं, धुराची चाचणी म्हणावी तर आमच्यासारख्या २००० सालानंतरच्या पेट्रोल गाडीचा धूर कोणी हुंगतसुद्धा नाही. आपल्याकडे पीयूसीवाला निदान सायलेन्सरमध्ये नळी तरी खुपसतो. इथे स्टिअरिंगखाली केबल लावतात आणि गाडीलाच विचारतात, बाई, तुझी तब्येत कशी आहे? दिवा लागलेला असेल तर नापास. धूर धुतल्या तांदळासारखा असला तरी नापास.

यावर जावईबापूंना त्यांच्या पांढुर्ण्याची अक्कल सुचली. वीस डॉलरचं स्कॅनर आणलं, ‘पी ०३२५’ हा कोड वाचला, पुसला, दिवा गेला, आणि मिशीला पीळ देत चाचणीला गेले. मशीन म्हणालं, या गाडीची स्मरणशक्ती नुकतीच पुसलेली दिसते, तयार झाली की या. तयार म्हणजे काय? रात्रभर गाडी गार ठेवायची, सकाळी सुरू करायची, मग थोडं गावातून, थोडं हायवेवरून एका वेगाने चालवायची, म्हणजे गाडी आपल्या एकेक भागाची स्वतःच तपासणी करते. एवढं करून परत येताना दिवा पुन्हा लागला! हवा खराब करत नाही हे सिद्ध करायला उगाच पेट्रोल जाळत हिंडायचं, हा कायदा ज्याने काढला त्याला आपल्या ग्रामपंचायतीत एक दिवस बसवायला हवं. दाखल्याचे सरकार सव्वाआठ डॉलर घेतं. तेवढंच काय ते स्वस्त.

आता किंमत. आई, खाली बस. आमच्या सहा सिलिंडरच्या गाडीत असे दोन सेन्सर इंजिनाच्या मधल्या खोबणीत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडवले आहेत. एकेक पंच्याहत्तर डॉलरचा, पण तिथपर्यंत पोचायची मजुरी पाच तासांची, तासाला १९० डॉलर. शिवाय काय झालं ते नुसतं शोधायचे १९०. दोन सेन्सर, गास्केट, सगळं मिळून १,३८० डॉलर. बाबूजी, तुम्ही गुणाकार करणारच, म्हणून मीच करून देते: एक लाख वीस हजार. पांढुर्ण्याच्या स्टँडजवळचा तो मिस्त्री आठवतो? स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून सांगायचा, “दोन नंबरचा वाल्व्ह हाय.” चहाही तुम्हालाच पाजायचा. इथे तो असता तर त्याच्या कानाला सोन्याची बाळी असती.

तेव्हा तुमचा फोन आला. “वायर पाह्यली का आंधी? पावसाळ्यात ट्रॅक्टरची वायर उंदीर खाते, तं तुमची का सोन्याची हाय?” जावईबापू हसले. कॅलिफोर्नियात उंदीर!

मॅनिफोल्ड उचललं तेव्हा खाली सुकलेल्या पानांचं घरटं, तीन बदामांची टरफलं, आणि सेन्सरची वायर तांब्यापर्यंत कुरतडलेली. सेन्सर तपासला, ठणठणीत. गॅरेजवाला भला माणूस. म्हणाला, एवढं उघडलंच आहे तर दोन्ही नवीन घालू. जावईबापूंनी मान डोलावली. मी म्हटलं, ज्याचा कान शाबूत आहे त्याला नवा कान कशाला? मग तिथेच आमची सावरगाव-पांढुर्णा गोटमार, फक्त दगडांशिवाय. काठावर उभा राहून गॅरेजवाला शांतपणे बघत होता. शेवटी वायर बदलली, गास्केट नवीन, जुनाच सेन्सर बोल्ट मोजून २० न्यूटन-मीटरला आवळला, कारण सैल किंवा जास्त घट्ट झाला तर त्याला भलतंच ऐकू येतं. वायरचे पैसे धरूनही ११० डॉलर वाचले. इथल्या कायद्याने काम सांगतानाच मागितले तर काढलेले जुने भाग परत द्यावे लागतात. मी कुरतडलेली वायर मागून घेतली. बंड्याला पाठवते, चौकात दाखवू दे बाबूजींचं निदान.

आता तिकडचं. संत्र्याच्या अंबिया बहाराची गळ किती झाली ते बाबूजी फोनवर टाळतात, म्हणजे जास्त झाली. खरं सांगा. इथे संत्री बारा महिने मिळतात, सोलायलाही सोपी, पण घरात कोणी सोललं तर शेजारच्या खोलीत कळत नाही. परवा दुकानात मी एक नखाने कुरतडून हुंगलं, तर तिथली पोरगी माझ्याकडे बघतच राहिली.

मोठ्या काकूंच्या मुलीचं जमलं हे बंड्याकडून कळलं. मुलगा सौंसरचा, पगार किती हेही कळलं, मुलगी काय म्हणते ते कोणीच लिहिलं नाही. विचारा तिला. आणि आमच्यासारखं नदीपलीकडलं स्थळ नाही म्हणून काकूंनी टोमणा मारला असेल, तर सांगा, आम्ही पत्रिका छापून गेलो होतो, पळून नाही. गोटमारीला दरवर्षी पळून गेलेल्या जोडप्याची तीच कथा, आणि दगड मात्र खरे.

बाबूजी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला जाम नदीच्या काठावर जायचं नाही. गच्चीवरून बघा. लहानपणी तुमच्या खांद्यावरून मला पळसाचा झेंडा दिसायचा आणि ढोल पोटात वाजायचे. त्या दिवशी इथे शनिवार आहे. पोरांना लाकडी बैल ओढायला देणार आहे. धाकट्याने विचारलं, याच्या मागे काय बांधायचं? मला एकदम काही बोलता आलं नाही.

पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये वेगळा झाला, तरी माझ्या पासपोर्टात अजून छिंदवाडाच आहे. नवीन फॉर्ममध्ये पांढुर्णा लिहिलं की इथल्या पोर्टलच्या यादीत तो सापडत नाही. जावईबापू मात्र खूश, गाव जिल्हा झालं म्हणून सासुरवाडीवर तोरा. त्यांचा निरोप आहे, यंदा झेंडा पांढुर्णाच नेणार. मी म्हटलं, आधी स्टिकर आणा.

तुमची,
चिमी

ता. क. पुढच्या पार्सलमध्ये अंबाडीचं बी घालू नका, ते इथे अडवतात. सांडगे चालतात. आणि उंदरांवरचं ते तंबाखूचं औषध नीट मापासकट लिहून पाठवा.